दाखवला एक, बांधला दुसरा: मुंबईच्या बाजारातली अदलाबदल

सीएसएमटीच्या भुयारी मार्गातून वर येऊन फोर्टकडे चालायला लागलं की कधीकधी एक माणूस बाजूने चालू लागतो. आवाज न चढवता विचारतो, "आयफोन चाहिये क्या? सस्ते में?" थांबलात तर फोन हातात देतो. फोन खरा असतो. स्क्रीन चालते, कॅमेरा उघडतो, तुमच्या नंबरवर मिस्ड कॉल देऊन बघायलाही त्याची ना नसते. भाव १८ हजारांपासून सुरू होतो आणि तुम्ही दहा पावलं पुढे गेलात की ६ हजारांवर येतो. इथपर्यंत कोणीच फसलेलं नसतं.

सौदा ठरला की तो फोन परत मागतो. कारण तयार असतं: "सिम निकालता हूँ" किंवा "कव्हर डाल के देता हूँ." फोन खिशात जातो आणि खिशातून रेक्झिनचं पाऊच बाहेर येतं, चेन लावलेलं किंवा तोंड शिवलेलं. नेमकं त्याच वेळी चार हातांवर उभा असलेला दुसरा माणूस "पुलिस, पुलिस" असं पुटपुटतो. नोटा घेतल्या, पाऊच तुमच्या हातात कोंबलं आणि दोघं दोन दिशांना. गिऱ्हाईकही घाईघाईने स्टेशनात शिरतं आणि लोकल भायखळ्याच्या पुढे गेल्यावर पाऊच उघडतं. आत काचेचा जाड तुकडा नाहीतर साबणाची वडी. आकार आणि वजन फोनाशी जुळवलेलं, त्यामुळे वरून चाचपून काही कळत नाही.

हा प्रकार इतकी वर्षं टिकला आहे, कारण तक्रार करायला फारसं कोणी जात नाही. ६ हजारांत आयफोन म्हणजे चोरीचा असणार हे घेणाऱ्याने मनातून मान्य केलेलं असतं. चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विकणाऱ्यावर कलम ३१८ चा फसवणुकीचा गुन्हा लागतो, पण पोलीस चौकीत "तुम्ही तिथे काय घेत होतात?" हा प्रश्न आधी येणार हे गिऱ्हाइकाला कळतं. धंदा त्या गप्प बसण्यावरच चालतो.

फुटपाथवरचा फोन घ्यायचाच नाही, यात चर्चेला जागा नाही. पण अदलाबदलीची ही रीत फुटपाथपुरती नाही. काउंटर असलेल्या, पाटी असलेल्या दुकानांतही तिची सभ्य भावंडं भेटतात. मनीष मार्केट, मुसाफिरखाना, लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग), लोहार चाळ, सगळीकडे पिढ्यान्‌पिढ्या चोख धंदा करणारी दुकानं आहेत आणि त्यांच्या शेजारीच ही अदलाबदल करणारी मंडळीही आहेत. भावात घासाघीस करून आपण जिंकलो असं वाटत असताना लक्ष किमतीवर असतं, वस्तूवरून उडालेलं असतं.

जुन्या फोनापासून सुरुवात करू. दुकानात फोन तपासताना *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय (प्रत्येक फोनाचा वेगळा ओळख क्रमांक) बघा आणि तो लिहून ठेवा. केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर इंग्रजी अक्षरांत पाठवला की त्या नंबरचं मॉडेल कळतं. हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात दुसऱ्याच मॉडेलचं नाव आलं, किंवा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट असं काही आलं, तर तिथेच खाली ठेवा. आयफोन असेल तर समोर पूर्ण रीसेट करायला लावा. रीसेटनंतर आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तर तो फोन तुमच्यासाठी वीट आहे. ॲन्ड्रॉइडमध्ये जुनं गूगल खातं मागतो, अर्थ तोच. "बाद में निकाल देंगे" यावर पैसे द्यायचे नाहीत. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडलं की मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर दिसतं: एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदलून दिलेला. "एकदम नया, सिर्फ डब्बा खुला है" म्हणणाऱ्यासमोर एफ दिसला की बोलणं बदलतं. आयफोनासारखी दिसणारी ॲन्ड्रॉइड नक्कलही फिरते. तिच्यात ॲप स्टोअरच्या चित्रावर बोट ठेवलं की प्ले स्टोअर उघडतो.

एवढं सगळं बघितल्यावर फोन "पॅकिंग"साठी आत जातो. बाहेर आलेल्या डब्यातला फोन काढून पुन्हा *#०६# दाबा आणि लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळवा. आळस याच ठिकाणी होतो. आतून आलेला फोन बहुतेक वेळा तोच असतो, म्हणूनच जेव्हा नसतो तेव्हा कोणी बघत नाही.

पॉवर बँकेची गोष्ट वेगळी. तिथे वस्तू बदलावी लागत नाही, आतला ऐवजच नसतो. काउंटरवर तुमचा फोन दोन मिनिटं लावून दाखवतात, चार्जिंगची खूण येते, निळे दिवे लागतात. ही चाचणी काहीच सांगत नाही, कारण एका सेलवरही दोन मिनिटं फोन चार्ज होतो. अशा खोक्यांत ज्या दंडगोल सेल वापरतात (१८६५०: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी), त्यातली चांगल्यात चांगली सेल साधारण साडेतीन हजार एमएएचची (एमएएच म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) आणि ४५ ग्रॅमच्या आसपास असते. २०,००० एमएएचला अशा ६ लागतात, म्हणजे नुसत्या सेलच २७० ग्रॅम. अख्खी पॉवर बँक २०० ग्रॅम भरली तर आकडा खोटा. उलटं मात्र खरं नाही. वजन बरोबर भरलं म्हणून माल खरा ठरत नाही, कारण एक सेल आणि उरलेल्या जागेत वाळूची पिशवी किंवा लोखंडी पट्टी घालून वजन जुळवतात. कानाशी धरून हलवा. घरी पडताळायचं तर पूर्ण भरलेल्या खऱ्या २०,००० च्या बँकेवर ५,००० एमएएचचा फोन अडीच वेळा तरी शून्यापासून भरायला हवा. एका चार्जमध्ये बँक आटोपली तर काय मिळालं ते कळलंच. मागे आर अक्षरापुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकून कंपनी आणि वस्तू दोन्ही जुळतात का बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणं अवघड नसतं.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात हीच लबाडी सॉफ्टवेअरने होते. ३०० रुपयांचं ५१२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला ५१२ च दाखवतं, कारण आतली चिप तसं खोटं सांगायला शिकवलेली असते. खरी जागा ८ किंवा १६ जीबी. ती संपली की नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात. यादीत सगळी नावं दिसतात, लग्नाचे फोटो मात्र उघडत नाहीत. संपूर्ण कार्ड भरून परत वाचणाऱ्या मोफत चाचण्या आहेत (एच२टेस्टडब्ल्यू, एफ३), पण सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी नुसतं लिहायलाच पावणेदोन तास लागतात. दुकानात हे शक्य नाही. त्यामुळे इथे पक्कं बिल नसेल तर घेऊच नका.

सगळ्यात महाग पडते ती वायर, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. घराचं काम काढलं की लोक लोहार चाळीत जातात, ते बरोबरच आहे, तिथे भाव चांगला मिळतो. काउंटरवर वायरचा वीतभर तुकडा दाखवतात. तांबं लालसर, चकचकीत. बंडल मात्र गोडाऊनमधून येतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, खोक्यावर ओळखीच्या नावातलं एखादंच अक्षर बदललेलं. आत तीनपैकी एक भानगड असू शकते: ९० मीटरच्या जागी सत्तर-पंचाहत्तर मीटर, अडीच एमएम (म्हणजे तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) सांगून बारीक तार, किंवा वर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तिसरी धोक्याची. ॲल्युमिनियम तेवढ्याच जाडीत विजेला तांब्याच्या दीडपटीहून जास्त विरोध करतं, स्क्रूखाली दबून सैल होतं, आणि गिझर किंवा एसीच्या पॉइंटला आधी प्लग पिवळा पडतो, मग वास येतो. तोवर वायर भिंतीत गेलेली असते आणि वर पुट्टी-रंग झालेला असतो.

तपासायला मोठं काही लागत नाही. बॅगेचं वजन करायचा हुकवाला काटा खिशात मावतो. अडीचच्या ९० मीटर वायरीत नुसतं तांबंच २ किलो असतं, दीडच्यात १ किलो २०० ग्रॅम. वरचं पीव्हीसी वेगळं. म्हणजे अडीचचं अख्खं बंडल २ किलोच्या आत भरलं तर वाद घालायची गरज नाही, तांबं कमी आहे. मग बंडलाचंच टोक सोलून (नमुन्याचं सोलू नका) एक केस (आतल्या बारीक तारांपैकी एक) ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. लायटरच्या ज्योतीत धरलं तर तांब्याचा केस लाल होऊन तसाच राहतो, ॲल्युमिनियमचा आक्रसून गोळी होतो. काही कंपन्या वायरवर दर मीटरला आकडा छापतात. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की लांबी हातात. इलेक्ट्रिशियननेच दुकान सुचवलं असेल तर ही तपासणी जरा जास्तच आवडीने करावी.

बिलाचं एक. "बिल चाहिये तो अठरा परसेंट ज्यादा" हे वाक्य ऐकल्यावर बहुतेक जण बिल सोडतात आणि "एस्टिमेट" छापलेली चिठ्ठी घेऊन निघतात. त्या चिठ्ठीवर दुकानाचं नावही नसतं कधीकधी. पक्क्या बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव-पत्ता निघतो. बिलावर आयएमईआय किंवा सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी "ये हमारा पीस नहीं है" ऐकावं लागेल. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर आणखी १८ टक्के मागता येत नाहीत. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या शिक्क्यालाही भ्यायचं कारण नाही. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, आणि मुळात बिलच न देणं, या दोन्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहेत. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

यूपीआयने पैसे दिलेत तर स्क्रीनवर आलेलं नाव पाटीवरच्या नावाशी जुळतं का ते बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. रोख दिलेत तर १९३० या सायबर हेल्पलाइनचा काही उपयोग नाही, तिथे खात्यातून गेलेला पैसा अडवता येतो, नोटा नाही. फुटपाथवरचा माणूस यूपीआयला नेहमी नाही म्हणतो ते यासाठीच.

आणि शनिवारी संध्याकाळी मोठी खरेदी टाळा. लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीतली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. घरी खोकं उघडून खोट दिसली तरी तुम्ही पोहोचणार सोमवारी, आणि तोवर "दो दिन यूज किया आपने" हे उत्तर तयार असतं.