घरचे बीपी यंत्र आणि डायलिसिस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते, त्याला आता सहा वर्षे झाली. सुई टोचण्यापूर्वी बीपी १६८/९२ च्या आसपास आणि चार तासांनी १२६/७४, असे आकडे माझ्या कागदावर सर्रास असत. पहिल्या आकड्यात दोन दिवसांचे साठलेले पाणी असते आणि दुसऱ्यात ते नुकतेच काढून घेतलेले असते, त्यामुळे रुग्णाला उच्च रक्तदाब आहे की नाही हे दोहोंपैकी एकावरूनही नीट ठरत नाही, हे मला डॉक्टरांनी घरी बीपी मोजायला सांगितले तेव्हा कळले.

दंडाला पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र घेतले. पहिला महिना मात्र वाया गेला. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा आणि माझा दंड ३४ चा! आखूड पट्ट्याने आकडा फुगतो; मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला. फिस्ट्युला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडून केलेली रक्तवाहिनी) डाव्या हातात असल्याने मोजणी कायम उजव्याच दंडावर केली.

दोन आठवड्यांतले डायलिसिस नसलेले सहा दिवस निवडून, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, दर वेळी दोनदा मोजायचे आणि सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर उच्च रक्तदाब समजायचा, अशी पद्धत मला सांगितली होती. माझी सरासरी १४७/८६ आली. गोळी वाढेल असे वाटले होते, पण डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगून ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावर डायलिसिसअखेर गाठायचे वजन) थोडे थोडे खाली आणले. वजन उतरले तरी बीपी लगेच हलले नाही. काही आठवड्यांनी ते १३२/७८ वर आले. मधल्या काळात पायांत गोळे आले, तेही नमूद करायला हवे.

झोपेतले बीपी हे यंत्र दाखवत नाही. त्यासाठी एकदा ४४ तासांचे मॉनिटर लावले होते. रात्री दर अर्ध्या तासाला पट्टा आवळला जाई आणि झोपेचे खोबरे झाले.

यंत्राची खरी खोट त्याच्या स्मरणात आहे. घरातल्या इतरांनी मोजलेले आकडेही ते माझ्याच सरासरीत मिसळते आणि सेल बदलले की तारीख पुसली जाते. म्हणून मी वहीच ठेवली आहे. डायलिसिसच्या दिवसाचे आकडे तिच्यात लाल शाईने लिहितो आणि सरासरीत धरत नाही.