फोटो मोठे करायचं एआयवालं सॉफ्टवेअर : आठ महिने वापरल्यावर

माझा स्टुडिओ यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात. दिवाळीत हे सॉफ्टवेअर घेतलं, आता आठ महिने झाले रोजच वापरून राहिलो.

आमच्याकडे मोठा फोटो म्हणजे तेरवीचा. उद्या कार्यक्रम अन् आज गिऱ्हाईक व्हाट्सअ‍ॅपवरचा दाबून बारका झालेला फोटो देते, म्हणे 20 बाय 30 इंची करून द्या. म्हणून आधी डॉक्युमेंट करून पाठवा भाऊ म्हणतो, निम्मं काम तिथंच होते. 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, धरलं तं 6000 बाय 9000 पिक्सेल लागतात, पण भिंतीवरचा फोटो कोण नाक लावून पाहते, 150 नं भागते. मोबाइलचा चांगला फोटो दुप्पट केला तर काम एकदम मस्त, चौपट केला की कातडी प्लास्टिकची. वरून आपला लॅपटॉप जुना, एका फोटोले पंधरा-वीस मिनिटं, मधातच लाइन गेली तं पुन्हा पहिल्यापासून.

खरी फजिती जुन्या प्रिंटची. मागच्या महिन्यात एक भाऊ आईचा पोस्टकार्ड साइज फोटो घेऊन आले, जाळीदार सिल्क पेपरवरचा. स्कॅन केला, चेहरा सुधारायचं बटन चालू होतं, चौपट केला, स्क्रीनवर चकाचक. भाऊ बराच वेळ पाहत राहिले अन् म्हणे, ‘‘फोटो भारी हाय, पण हे माही माय नोय.’’ हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके डाग समजून पुसले होते, समोरचा अर्धा दात पुरा करून दिलता, अन् कागदाची जाळी गालावर सुरकुत्यांसारखी उठली होती. मलेच कसंतरी झालं.

पेटीत निगेटिव्ह असेल तं पाहा म्हटलं. सापडली! 35 एमएमची निगेटिव्ह 3200 डीपीआयवर स्कॅन केली की जवळपास 3000 बाय 4500 येते, म्हणजे 150 नं 20 बाय 30 ले मोठं करायची गरजच नाही. फ्लॅटबेड म्हणजे काचेवर ठेवून करायच्या स्कॅनरच्या डब्यावर आकडे कितीही असोत, खरी बारकाई तेवढी नसते, थोडा सॉफ्ट आला, ग्रेन म्हणजे फिल्मचे बारीक दाणेही दिसते, पण दात अन् ठिपके जिथल्या तिथं. मॅट पेपरवर काढून दिला.

ते चेहरा सुधारायचं बटन आता बंदच. निगेटिव्हच्या कोपऱ्यात बुरशी होती तेवढी हातानं पुसत बसावी लागली, कोणाकडे सोपा इलाज असेल तं सांगा बाप्पा.