पैसे घेतले, चित्र दिले नाही, आणि नवी नोंदणी मात्र सुरूच

जुन्या वाड्यांची चित्रे काढून त्यांचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका ऑनलाइन चित्रकाराला मी एकूण 6,830 रुपये दिले आणि हाती काहीही आले नाही. हिशोब असा : चाहत्यांसाठीच्या सचित्र पुस्तकाची आगाऊ नोंदणी 2,400, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या चित्राचे 3,500, टपालखर्च 180 आणि पुढे ‘कागद महागला’ म्हणून मागून घेतलेले 750. वाड्याच्या जागी आता फ्लॅट स्कीम उभी आहे, शिल्लक आहे ते एकच कृष्णधवल छायाचित्र, आणि बाबांच्या पंचाहत्तरीला त्यावरून काढलेले चित्र द्यावे असे मनात होते.

मी डोळे मिटून पैसे दिले असे कोणी समजू नये. पार्सल उघडतानाचे लोकांचे व्हिडिओ मी पाहिले होते आणि ते खरे होते. ओळखीच्या एका बाईंना त्याचे कॅलेंडर वेळेवर मिळालेही होते. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. कोणालाच काही न देणारा लवकर उघडा पडतो. काहींना देणारा मात्र बराच काळ चालतो, कारण उरलेल्यांना वाटत राहते की आज ना उद्या आपलाही नंबर लागेल. नव्या नोंदणीच्या पैशांतून जुनी पार्सले जातात, आणि तीही चारचौघांत बोंब मारणाऱ्यांचीच. म्हणून कोणाला काय मिळाले हे विचारू नका, कोणाचे किती दिवसांपासून अडकले आहे ते विचारा. जुन्या ऑर्डरी बाकी असताना जो नवी नोंदणी उघडतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

पैसे भरून बरेच दिवस झाल्यावर त्याने चित्राचा कच्चा आराखडा पाठवला. आमच्या छायाचित्रात ओसरीला तीन खांब स्पष्ट दिसतात, आराखड्यात चार होते. उजवीकडे विहिरीच्या जागी तुळशीवृंदावन होते, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा अर्धवट गोल डाग. मी विचारले तेव्हा उत्तर आले, ‘ताई, हा नुसता अंदाज आहे, खांब मागाहून जुळवतो,’ आणि त्याच निरोपात कागदाचे 750 रुपये मागितले होते. तिथेच हात आखडायला हवा होता, हे आज कोणीही सांगेल. पण चित्रकाराला खांब मोजून जाब विचारणे मला अरसिकपणाचे वाटले आणि माझ्या त्या संकोचाचीच त्याने किंमत वसूल केली. पुढे अमरावतीच्या एका गृहस्थांनी त्यांच्या वाड्याचा म्हणून आलेला आराखडा मला दाखवला : तेच चार खांब, तेच वृंदावन, तोच डाग.

मग त्याने स्पीड पोस्टचा क्रमांक पाठवला. या क्रमांकात आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असतात. त्याने दिलेल्यात आठच अंक होते. पार्सलची वाट पाहणारा माणूस अंक मोजत बसत नाही, पण तुम्ही मोजा.

पोलीस ठाण्यातला अनुभव याहून कडू आहे. ‘मॅडम, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले ना? मग हा दिवाणी मामला आहे, ग्राहक न्यायालयात जा,’ असे म्हणून अर्ज माझ्यापुढे सरकवण्यात आला. सुरुवातीपासूनच द्यायची दानत नसेल तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक ठरते, आणि एकच आराखडा दोघांना विकणे हा ती दानत नसल्याचा पुरावा नाही तर काय, असे मी विचारले. उत्तरादाखल ‘एवढ्याशा रकमेसाठी?’ असा प्रतिप्रश्न आला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिलाच प्रश्न होता, पैसे कधी गेले. ती व्यवस्था लगेच लक्षात येणाऱ्या चोरीतच जास्त उपयोगी पडते. मला तर ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत महिनोन्‌महिने झुलवले गेले होते. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर वस्तू मिळाली नाही म्हणून बँकेकडे वेळेत दाद मागता आली असती. पण थेट यूपीआयने पाठवल्यास टपालखर्चात 100 रुपयांची सूट होती, आणि ती सूट कशासाठी होती हे आता कळते. पैसे पाठवताना खातेदाराचे नाव वेगळेच दिसले होते. ‘बहिणीचे खाते आहे’ एवढ्या उत्तरावर माझे समाधान झाले.

ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे मला नागपुरात, तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अडते ते पत्त्यापाशी. टोपणनावाला नोटीस बजावता येत नाही, आणि मी वकिलामार्फत पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आली. खरे नाव आणि पूर्ण पत्ता पैसे देण्याआधी लेखी मागा. नंतर तो मिळत नाही.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी त्याच्या व्हिडिओखालच्या तक्रारींचे स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवावेत, कारण तो त्या पुसतो. माझी तक्रार पुसली गेली त्याच आठवड्यात दिवाळीच्या पुस्तकाची नवी नोंदणी उघडली, किंमत 2,600 रुपये.