६४० रुपयांची स्केचवही: सहा महिन्यांनंतर (मुख्यतः बाइंडिंगबद्दल)

वही गुढीपाडव्याला घेतली. ए-फाइव्ह, १६० पानं, ६४० रुपये. जीएसएम (कागदाचं वजन) वगैरे वेष्टनावर छापलेलं असतं, ते परत लिहीत नाही. ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या कल्याण स्लो लोकलमध्ये कुर्ल्याच्या आसपास तिचा कणा सुटला आणि अकरा कागद बायकांच्या डब्यात पसरले. समोर मेथी निवडत बसलेल्या मावशींनी पाय उचलून चार कागद काढून दिले. एकावर त्यांचेच हात होते. नीट बघून म्हणाल्या, "अंगठा लांब झालाय गं." खरंच झाला होता.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, नंतर वीस वर्षं पेन्सिल हातात नव्हती. डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात रोज वीस मिनिटं रेखाटायचं एवढंच ठरवलं. झोपलेली माणसं सगळ्यांत सोयीची, पण तीही ठाण्याला दचकून उठतात आणि उतरतात. मग उरलेला खांदा आठवणीतून काढायचा. शाळेत स्मरणचित्राचा पेपर मला सगळ्यांत नकोसा वाटायचा, आता त्याचाच उपयोग होतो. खोडरबर पहिल्याच आठवड्यात घरी ठेवला. चुकलेली रेघ दिसत असली की दुसरी कुठे हवी ते कळतं.

आता बाइंडिंग. ही वही शिवलेली नाही, सुटे कागद कण्याला गोंदाने चिकटवलेत. उघडी ठेवली तर मिटते, म्हणून डाव्या अंगठ्याने दाबून धरायची. कण्याजवळची दोन बोटं जागा वाकलेली, तिथे रेघ जातच नाही. दाबून सपाट करायला जावं तर गोंद कडकन तडकतो. त्यात फोरबी या मऊ पेन्सिलीची काजळी समोरच्या पानाला लागते, त्यामुळे मी एकाच बाजूला काढायचे. पानाला चार रुपये पडायचे ते आठ झाले. आठ रुपयांचं पान आहे म्हटल्यावर हात आखडतो. पहिले दोन महिने मी फक्त "चांगलं येईल" तेच काढत होते, आणि सरावाचं त्याहून मोठं नुकसान दुसरं नाही.

जूनमध्ये मी कागदालाही नावं ठेवली होती, कारण शाई फुटायला लागली. ती तक्रार मागे घेते. घरातल्या दुसऱ्या दोन वह्यांवरही त्याच पेनची रेघ तशीच फुटली. पावसाळ्यात मुंबईची हवाच अशी की कागद ओल धरतो. पाऊस संपेपर्यंत पेन्सिल वापरा. कागद चांगला आहे.

दुकानात बिल घेऊन गेले. वही वापरलेली आहे, बदलून मिळणार नाही, म्हणाले. स्केचवही वापरण्यासाठीच घेतात, हे मी दोनदा सांगितलं. कंपनीला फोटो पाठवले, दीड महिना झाला, उत्तर नाही. शेवटी बाइंडरकडे नेली. त्याने कागद हातात घेताच सांगितलं, "याची जुजबंदी होत नाही. शिवायला घडी लागते. हे कडेने टोचून शिवलं तर अजूनच कमी उघडेल." जुजबंदी म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे, म्हणजे जुजं, घडीवर शिवून केलेली बांधणी.

त्या रात्री सगळे कागद तारखेप्रमाणे जमिनीवर मांडले, आणि तिथे माझं मत थोडं बदललं. बांधलेल्या वहीत एप्रिल आणि ऑगस्ट शेजारी शेजारी कधी दिसत नाहीत. हातांत फरक स्पष्ट होता. एप्रिलमधली बोटं एकेक करून काढलेली, जुलैपासून आधी मुठीचा एकत्र आकार आणि मग बोटं. पण एकाही कागदावर उजवीकडे बघणारा चेहरा नव्हता. उजव्या हाताने डावीकडे बघणारं नाक सहज वळतं, आणि मी सहा महिने तेच गिरवत होते. रोजच्या सरावाने चूकही तितकीच पक्की होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पानं उलटताना ते कळलंही नसतं.

तेव्हापासून सकाळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बसते. फक्त उजवीकडे बघणारी माणसं. कपाळ आणि नाक यांमधली खाच अजून जमत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सीएसएमटीसमोर जाते. १८८८ साली पुरी झालेली ही इमारत अख्खी काढायचा प्रयत्न मी मे महिन्यात तीनदा केला आणि तीनदा घुमट कागदाबाहेर गेला. आता एका दिवशी एकच खिडकी, नाहीतर पाणी ओकणारं एखादं दगडी जनावर.

ही वही घेऊ नका. मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड) कागद घ्या, कापून घडी घाला आणि शिवून घ्या. माझ्या ६४ पानांच्या वहीला कागद आणि शिलाई धरून दीडशे रुपये पडतात, आणि ती मांडीवर सपाट उघडते. मी मात्र आधी शिवून घेत नाही. जुजं क्लिपमध्ये अडकवून वापरते, महिनाअखेरीला जमिनीवर मांडून बघते, मग बाइंडरकडे देते. सप्टेंबरची चार जुजं पिशवीत आहेत, शनिवारी त्याच्याकडे जायचंय.