तीन पट्ट्या मुंबईत की चार पट्ट्या दिल्लीत?

गेल्या आठवड्यात नांदेडच्या एका पोराचा फोन आला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, खांद्यावर तीन पट्ट्या. बेस मुंबई, म्हणजे ड्यूटी तिथून सुरू होते. "दादा, कमांडचं पत्र आलंय. पण बेस दिल्ली दिलाय. घेऊ का सोडू?" कमांड म्हणजे कॅप्टनपद, चौथी पट्टी. बायको नांदेडला शाळेत शिकवते, आईवडील तिथंच, मुलगी चार वर्षांची. फोनवर मी काहीतरी अर्धवट बोललो. मग वाटलं, हेच आपल्याकडच्या पाच-सहा जणांनी तरी विचारलंय, एकदा नीट लिहून काढावं.

मी तिन्ही प्रकार करून बसलोय. मुंबईत फर्स्ट ऑफिसर असताना छत्रपती संभाजीनगरहून ये-जा केली. कमांड घेतल्यावर एकोणीस महिने संभाजीनगरातल्या गारखेड्याच्या घरून दिल्ली केलं. मग बिऱ्हाड दिल्लीला हलवलं. आता हैदराबादला आहे, ते शेवटी सांगतो.

आधी नंबराचं, म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीतल्या जागेचं. नातेवाइकांना वाटतं चार पट्ट्या आल्या म्हणजे माणूस वर गेला. पगारात जातो, यादीत खाली येतो. काल तो फर्स्ट ऑफिसरांत वरचा होता. आज कॅप्टनांच्या यादीत सगळ्यात शेवटचा. शेवटच्याला जागा मिळते ती बाकीच्यांना नको असलेली. म्हणून पत्रावर दिल्ली आहे, त्यात कुणाचं वैर नाही.

अमेरिकेत हा नंबर म्हणजे सर्वस्व. रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतो आणि बेस, विमान, रोस्टर (ड्यूट्यांचं वेळापत्रक), सुट्टी सगळं त्याच क्रमानं मागून घेतात. एखादा बेस कमी केला तर ज्येष्ठ पायलट दुसऱ्या बेसवरच्या कनिष्ठाला सरकवून त्याची जागा घेतो, आणि तो कनिष्ठ आणखी कुणाला तरी. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या विमानात कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसून घरी जायची सोय आहे. आपल्याकडे तशी मोकळीक नाही. रोस्टर बहुतेक सॉफ्टवेअर आणि शेड्यूलिंगवाल्यांच्या हातात. ज्येष्ठता खरी चालते ती दोन ठिकाणी: कमांडच्या क्रमात आणि बदलीच्या यादीत. आणि ती कंपनी बदलताना सोबत येत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा वर्षानुवर्षं कमावलेले नंबर एका रात्रीत कागदाचे झाले.

आता एकेक बाजू.

मुंबईत तीन पट्ट्यांवर राहणं

याला लोक घाबरटपणा म्हणतात. मी म्हणत नाही. मुंबईचं वैशिष्ट्य असं की तिथं पोचायला एकाच गोष्टीवर विसंबावं लागत नाही. विमान नाही मिळालं तर रात्री देवगिरी किंवा नंदीग्राम आहे, दिवसा तपोवन. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत जालन्याऐवजी नांदेडहून सुटते, पहाटे निघून दुपारी मुंबईत. जून २०२५ मध्ये समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा खुला झाला, म्हणजे गाडी काढली तरी घाटात अडकणं गेलं. एक बिघडलं तर दुसरं. मी ये-जा करायचो तेव्हा एकेरी लाइनवर क्रॉसिंगला गाडी अर्धा तास उभी राहायची, तरी रिपोर्टिंग चुकलं नाही, कारण आदल्या संध्याकाळीच मरोळच्या खोलीवर पोचलेला असायचो.

समृद्धीबद्दल मात्र कडक बोलतो. चार लँडिंग करून, युनिफॉर्मचा शर्ट तसाच ठेवून स्टिअरिंगवर बसू नका. सरळ रस्ता, १२० चा वेग आणि पहाटे तीनपासून उघडे असलेले डोळे. मी सिन्नरच्या पुढे एकदा दचकून जागा झालोय. त्यानंतर रात्रीची ट्रेन.

या पर्यायाची किंमत पैशात नाही, रांगेत आहे. तुम्ही थांबलात की मागचा पुढे जातो. कमांड नाकारली तर क्रमांक शाबूत राहतो की रांगेच्या शेवटी जावं लागतं, हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. ते ईमेलवर लेखी घ्या. क्रू रूममधल्या "काही होत नाही रे" वर जाऊ नका.

दिल्लीत चार पट्ट्या, घर इकडेच

इथं हिशेब मांडूनच दाखवतो. पायलटांच्या ड्यूटी-विश्रांतीच्या नवीन नियमांप्रमाणे, १ जुलै २०२५ पासून, आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली, त्यात दोन रात्री. ऐकायला छान. धरा, सोमवारी रात्री दहाला ड्यूटी संपली. घराकडचं शेवटचं विमान गेलेलं. रात्र दिल्लीत. मंगळवारी सकाळी स्टँडबाय तिकिटावर सीट मिळाली तर दुपारी घरी. गुरुवारी पहाटे पाचचं रिपोर्टिंग, म्हणजे बुधवारी दुपारी पुन्हा बॅग. ४८ तासांत घरची रात्र एक. तीही मुलगी झोपल्यावर युनिफॉर्मला इस्त्री करण्यात जाते.

आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. बायकोनं एकदा कॅलेंडर दाखवलं. पाण्याच्या दिवसावर निळी खूण, माझ्या ऑफवर लाल. अख्ख्या महिन्यात दोन्ही खुणा एका चौकोनात एकदाच. "निदान त्या दिवशी टाकीवर तरी चढशील," म्हणाली.

शिवाय आमच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीची विमानं हातावर मोजण्याइतकी. स्टाफ तिकीट म्हणजे सीट उरली तर. एका जानेवारीत दिल्लीच्या धुक्यानं सकाळचं विमान रद्द झालं आणि त्याचे सगळे प्रवासी संध्याकाळच्यात आले. मी काउंटरसमोर उभा, ट्रॉली बॅग पायाशी, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारचं रिपोर्टिंग. काउंटरवरची मुलगी ओळखीची, तिनं नुसती मान हलवली. शेड्यूलिंगला फोन केला, मुंबईमार्गे जायचा प्रयत्न केला, रात्री अडीचला दिल्लीत उतरलो आणि "उडण्याच्या अवस्थेत नाही" असं कळवलं. पुढच्या आठवड्यात खुलासा मागणारं पत्र. त्या पत्रात चूक काही नव्हती, हे मला नंतर पटलं. कंपनी पोझिशनिंगला, म्हणजे ड्यूटीसाठी दुसऱ्या गावी प्रवासी म्हणून, पाठवते तो प्रवास ड्यूटीत मोजला जातो, तुम्ही घरून बेसला येता तो मोजला जात नाही. नियमाच्या नजरेत मी रात्रभर आराम केलेला होतो.

सचखंड एक्स्प्रेसचा विचार कुणी करत असेल तर: लंगर मिळतं, माणसं भली भेटतात, पण नांदेडहून दिल्ली दुसऱ्या दिवशी येते. ऑफ गाडीतच संपतो.

आणि ही नुसती गैरसोय नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० जण गेले. चौकशीत मुख्य दोष कॅप्टननं विमान चुकीचं हाताळल्याचा निघाला. पण हेही पुढे आलं की फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून मेम्फिसमार्गे नेवार्कला प्रवास करून आली होती आणि कॅप्टन क्रू रूममध्ये झोपला होता. पुढे तिथले ड्यूटीचे नियम बदलले, जानेवारी २०१४ पासून. कोण कुठून ये-जा करतो यावर मात्र तिथंही बंदी आली नाही.

तरी ये-जा करायचीच असेल तर दिल्लीत स्वतःची खाट हवी. महिपालपूरला पाच जणांत घेतलेली खोली चालेल, पण रिपोर्टिंगच्या आदल्या रात्री तिथं झोपलंच पाहिजे. ते भाडं धरून मग पगारातली वाढ मोजा.

दिल्लीत चार पट्ट्या, बिऱ्हाडासह

याबद्दल कमी लिहितो, कारण जमलं. द्वारकेत घर घेतलं, दोनला ड्यूटी संपली की तीनला मुलीला शाळेतून आणायचो. झोप सुधारली, चिडचिड गेली. अडचण दोनच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी दिल्लीत, बहीण लातुरात, आणि घरी शेजारचे काका. दुसरी अडचण भाकरीची. दर फेरीला पाच किलो ज्वारीचं पीठ बॅगेत. स्कॅनरवरच्या जवानानं एकदा पिशवी उघडून चिमूट बोटावर घेतली, वास घेतला, आणि "बाजरा?" विचारलं. ज्वारी समजावून सांगेपर्यंत मागं रांग लागली.

बायको नोकरी करत असेल तर हा पर्याय इतका सोपा नाही. त्या पोराच्या बायकोची नोकरी पक्की आहे. ती सोडायला लावून घेतलेल्या चार पट्ट्या घरात टोचतात, असं मी दोन मित्रांच्या घरी पाहिलंय.

कंपनीच बदलणारे असतात. त्यांच्यासाठी एवढंच की आधी नोटीस मोजा. २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला पूर्ण वर्ष. आणि पलीकडे पुन्हा शेपटाला.

जे पत्रात नाही ते

नांदेड, लातूर, परभणीच्या माणसाला मुंबई-दिल्ली सोडून तिसरं गाव आहे, हे सांगावं लागतं याचंच नवल. आपली माणसं निजामाच्या काळापासून हैदराबादला कामाला जातात. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन करायचं आणि अठराला शमशाबाद विमानतळावर रिपोर्टिंग, माझं असंच चाललंय. नांदेडहून रस्ता तीनशे किलोमीटरच्या आत, रेल्वे रात्रंदिवस. मुंबईसारखंच इथंही एक हुकलं तर दुसरं सापडतं.

माझं मत विचाराल तर: बायकोची नोकरी हलत नसेल आणि हैदराबादच्या बदलीच्या यादीत दीड-दोन वर्षांत नंबर लागण्यासारखा असेल, तर कमांड घ्यावी, दिल्लीत खाट घ्यावी आणि तेवढे दिवस काढावेत. यादी हलतच नसेल तर मुंबईत एक वर्ष थांबून पुढच्या पत्राची वाट बघण्यात काही कमीपणा नाही. मुदत नसलेली ये-जा मात्र घेऊ नका. मी घेतली तेव्हा "बघू सहा महिने" म्हणालो होतो.

त्या पोराला हेच कळवलं. आज सकाळी पुन्हा फोन. हैदराबादच्या यादीत त्याचा नंबर चौदावा येईल असं एचआरनं सांगितलंय. "दादा, वर्षाला किती जण सुटतात तिकडं?" गेल्या वर्षी आमच्या बेसला बाहेरून किती कॅप्टन आले ते मी बोटांवर मोजलं. नऊ. त्यातले दोघे परत गेले.

"मग पकड सात," म्हणालो.

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज आला, "थांबा, हिला देतो. तुम्हीच सांगा."