कमाटीबाग की जोर-बैठका?

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बडोदेकर पुरुषासमोर बिनखर्चाचे दोन पर्याय आहेत: कमाटीबागेत भरभर चालणे किंवा घरी जोर-बैठका.

चालणे आठवड्याला १५० मिनिटे हवे. बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग. रक्तदाब, साखर, झोप तिन्ही सुधारतात. सोबती असला तर मनही मोकळे होते. या वयातले पुरुष एरवी बोलतात कुठे? फसते ते गप्पांत वेग मंदावल्याने, आणि परतीच्या सेव-उसळीने.

पण नुसत्या चालण्याने स्नायूंची झीज थांबत नाही. त्यासाठी जोर-बैठका, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. आखाड्याचे वस्ताद जुम्मादादांच्या गावात हे सांगावे लागू नये! सुरुवातीला भिंतीला हात टेकून ८-१० जोर, खुर्चीवरून तितक्याच उठबशा. दीड मिनिट थांबून दुसरा फेरा. तो सोपा वाटू लागला की भिंतीऐवजी भक्कम टेबल. कॉलेजातला आकडा पहिल्याच दिवशी गाठायला गेलात तर खांदा धरतो. श्वास कोंडल्यास रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उठताना श्वास सोडा.

बैठे काम, सुटलेले पोट असेल तर आधी महिनाभर चालणेच बरे. मग जोर जोडावेत. छातीत दाब जाणवला तर मात्र तिथेच थांबून तडक दवाखाना.