फुकटच्या कुंचल्याचे दोनदा पैसे

मी चित्रं काढते. मुलांच्या पुस्तकांसाठी, कधी मुखपृष्ठं, कधी कुणाच्या माहितीपटातल्या चार-दोन फ्रेम्स. बरीच वर्षं कागदावर काढली, मग पेन टॅब्लेट घेतला आणि त्याच्यासोबत सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं हा प्रश्न आला. मोठ्या कंपन्यांचं दरमहा भाडं परवडेना, कारण काम काही दरमहा येत नाही. कुणीतरी सुचवलं, ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्यांचा आतला कोड सगळ्यांना खुला असतो त्यांत, चांगली सॉफ्टवेअर आहेत, फुकट मिळतात. मी हसण्यावारी नेलं. फुकट ते पौष्टिक हे आपण चेष्टेनंच म्हणतो ना, तसं. पोटापाण्याच्या कामाला फुकटचं हत्यार नको, असं माझं ठाम मत होतं. पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष या मताचा आहे, तेव्हा आधीच कबूल करून टाकते.

शोधायला बसले तर सगळ्यात वर एक जाहिरात. व्यावसायिक चित्रकारांसाठी खास बनवलेला 'स्टुडिओ', एकदाच पैसे भरा आणि आयुष्यभर वापरा. पानावर उलटं चालणारं घड्याळ, सवलत संपायला अमुक मिनिटं बाकी. (दुसऱ्या दिवशी पाहिलं असतं तर ते घड्याळ पुन्हा तेवढ्याच मिनिटांवरून सुरू झालेलं दिसलं असतं. पाहिलं नाही.) किंमत मात्र फार हुशारीनं बेतलेली होती. मोठ्या कंपनीपेक्षा स्वस्त वाटावी आणि फुकटपेक्षा भरवशाची. मी भरले. किती ते सांगत नाही, लाज वाटते.

आणि खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर झकास होतं. इथेच लोक चकतात, म्हणून हे लिहितेय. फसवणूक म्हटलं की आपल्याला काहीतरी बोगस, बंद पडणारं डोळ्यांसमोर येतं. हे तसं नव्हतं. खडूचा ब्रश खडूसारखा खरखरीत चालायचा, जलरंग ओला वाटायचा. पेनचं उजवं बटण दाबलं की पेनाच्या टोकापाशीच एक गोल तबकडी उघडायची. मध्ये रंगांचं चक्र, भोवती माझे आवडते ब्रश. हात कागदावरून न उचलता ब्रश बदलता यायचा. त्या तबकडीच्या मी प्रेमातच पडले. चार महिन्यांत एक अख्खं पुस्तक त्यात पूर्ण केलं.

पुस्तक प्रकाशकाकडे गेलं आणि थोड्याच दिवसांत विक्रेत्याची ईमेल आली. तुमचा परवाना वैयक्तिक वापराचा आहे. या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली चित्रं विकायची असतील तर 'कमर्शियल' परवाना घ्यावा लागेल, अन्यथा प्रकाशित चित्रांबाबत कायदेशीर कारवाई होऊ शकते. माझी पाचावर धारण बसली. यांना पुस्तकाचं कसं कळलं, हा विचारसुद्धा तेव्हा केला नाही. खरेदीच्या वेळी फॉर्मवर व्यवसाय विचारला होता आणि मी मोठ्या अभिमानानं 'चित्रकार' लिहिलं होतं, एवढंच. तो ईमेल त्यांनी असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठवला असणार. मी पुन्हा पैसे भरले, पहिल्यापेक्षा जास्त. बदल्यात सोनेरी किनारीचं, खाली शिक्का मारलेलं एक प्रमाणपत्र मिळालं. ते मी प्रकाशकांनाही पाठवून दिलं, आपलं काम चोख असावं म्हणून.

मग वर्ष भरलं. एका सकाळी सॉफ्टवेअर उघडायला गेले तर एक चौकट आली: परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण करा. आयुष्यभराच्या परवान्याचं नूतनीकरण? विचारलं तर उत्तर आलं की आयुष्यभर म्हणजे त्या आवृत्तीच्या आयुष्यभर, आणि त्या आवृत्तीचं आयुष्य आता संपलंय. तीन दिवसांत दुसऱ्या पुस्तकाची चित्रं द्यायची होती. फाइल्स माझ्या कॉम्प्युटरवर, पण त्यांचं एक्सटेन्शन, म्हणजे नावातली टिंबानंतरची अक्षरं, त्या विक्रेत्याचं स्वतःचं, दुसऱ्या कशातही उघडेनात. तिसऱ्यांदाही भरलेच असते. पण नेमका त्या दिवशी भाचा आला होता.

"मावशी, एक फाइल कॉपी करून दे, मूळ फाइलला हात लावत नाही," तो म्हणाला. कॉपीचं एक्सटेन्शन खोडून त्यानं 'झिप' (अनेक फाइल्सचं एकच गाठोडं) असं केलं आणि ती उघडली. उघडली! आत एक फोल्डर होता, दोन-तीन लहान फाइल्स होत्या आणि दोन चित्रं. एक नखाएवढं, आणि दुसरं माझं अख्खं चित्र, पूर्ण आकारात, सगळे थर एकत्र करून ठेवलेलं. ज्याला कुलूप आहे समजून मी रात्रभर जागले होते त्याला साधी कडीसुद्धा नव्हती. मग त्यानं 'माइमटाइप' नावाची एक चिमुकली फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच ओळ. रोमन अक्षरांत काहीतरी आणि शेवटी, मी वाचलं, 'कृत'.

"कृत नाही गं, क्रिटा," तो म्हणाला आणि हसायला लागला. "मावशी, तू क्रिटा विकत घेतलंस."

क्रिटा म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरमधला, म्हणजे त्याच ओपन सोर्समधला, चित्रकलेचा नावाजलेला प्रोग्रॅम. केडीई या मोठ्या मुक्त प्रकल्पाचा भाग, १९९९ पासून घडत आलेला, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेला, आणि त्याच्या स्वतःच्या साइटवर फुकट. स्वीडिशमध्ये या शब्दाचा अर्थ खडू. पण नाव ठेवताना महाभारतातला 'कृत'ही मनात होता असं बनवणारे सांगतात, तेव्हा माझं वाचन अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं. भाच्यानं मूळ साइटवरून क्रिटा उतरवून घेतलं, माझ्या फाइलचं एक्सटेन्शन क्रिटाचं केलं आणि ती उघडली. सगळे थर जागच्या जागी. मी पेनचं उजवं बटण दाबलं. तीच गोल तबकडी.

माझ्या विक्रेत्यानं सुरुवातीचं चित्र बदललं होतं, मेनूमधलं नाव बदललं होतं, एक्सटेन्शन बदललं होतं आणि पुढ्यात परवाना तपासणारा एक लहानसा प्रोग्रॅम बसवला होता. दाराशी बसवलेला तिकीट तपासनीस म्हणा. इन्स्टॉल केलेल्या फोल्डरमध्ये आत शिरून थेट मुख्य प्रोग्रॅमवर डबलक्लिक केलं तर तो मुकाट उघडत होता, मुदतबिदत काही न विचारता.

मी चिडून म्हणाले, "फुकटची वस्तू विकली, चोरच आहेत!" त्यावर भाच्यानं जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तक्रार करताना मीही आधी चुकीच्याच जागी बोट ठेवत होते. क्रिटाचा परवाना जीपीएल आहे, मुक्त सॉफ्टवेअरचा एक प्रचलित परवाना. त्या परवान्याखालचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायला पूर्ण परवानगी आहे. खुद्द क्रिटाचे लोक ते स्टीम या ऑनलाइन दुकानात आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर पैसे घेऊन देतात, आणि तो पैसा प्रोग्रॅमच्या कामाला लागतो. संगीत रेकॉर्डिंगच्या आर्डर या प्रोग्रॅमचंही असंच, सोर्स (ज्यापासून प्रोग्रॅम तयार होतो तो मूळ कोड) फुकट पण तयार प्रोग्रॅमसाठी पैसे मागतात. त्यात लपवाछपवी नाही. म्हणजे 'पैसे मागितले' एवढ्यावरून कुणी लबाड ठरत नाही. उलट मी तर हेच उलटं धरून बसले होते, पैसे मागितले म्हणजे अस्सल.

लबाडी कुठे होती? परवान्याचा मजकूर काढून टाकला होता. जीपीएलचं सॉफ्टवेअर देताना तो सोबत द्यावाच लागतो, आणि मागेल त्या ग्राहकाला सोर्स कोडही, स्वतः काही बदल केले असतील तर त्यांच्यासकट. मी ईमेल करून सोर्स मागितला. उत्तर आलं, ते आमच्या कंपनीचं व्यावसायिक गुपित आहे. दुसऱ्यांनी वीस-पंचवीस वर्षं खपून केलेलं काम यांचं गुपित! शिवाय साइटवर 'आमच्या टीमनं शून्यातून घडवलेलं' असं छातीठोक लिहिलेलं.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते कमर्शियल प्रमाणपत्र. मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्याच चार स्वातंत्र्यांवर उभी आहे आणि त्यांची मोजणी शून्यापासून होते. तर हे क्रमांक शून्यचं स्वातंत्र्य काय, तर प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवण्याचं. घरगुती, शाळेचं, धंद्याचं, कुठलंही. आणि तुम्ही काढलेल्या चित्राला प्रोग्रॅमचा परवाना लागूच होत नाही. पेन्सिलवाल्याचा चित्रावर हक्क नसतो, तसंच. क्रिटाच्या साइटवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जी परवानगी मला पहिल्या दिवसापासून होती आणि जी द्यायचा अधिकार त्या माणसाला कधीच नव्हता, ती त्यानं मला शिक्का मारून विकली. तेही माझं पुस्तक अडकेल अशी भीती घालून. सॉफ्टवेअरचे पैसे मी एक वेळ विसरेन, हे नाही.

मग मी त्यांच्याकडून आणखी काय काय घेतलं होतं ते उकरून पाहिलं. 'मास्टर ब्रश पॅक' नावाचं एक बंडल होतं. तेही झिपच निघालं आणि आतल्या माहितीच्या फाइलमध्ये मूळ चित्रकाराचं नाव तसंच होतं, पुसायचं राहिलेलं. तो माणूस आपले ब्रश सगळ्यांना फुकट देतो. देवनागरी फॉन्टचा संच होता, त्यात 'मुक्ता' नाव बदलून घातलेला. तो फॉन्ट एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे, आणि तो परवाना फॉन्ट नुसता सुटा विकायला साफ मनाई करतो. इथे मात्र विकणं हाच भंग. परवाने एकसारखे नसतात ते असे.

पैसे परत मिळाले का? नाही. विक्रेत्यानं 'डिजिटल वस्तू परत घेतली जात नाही' एवढं एक वाक्य पाठवलं. कार्डाच्या बँकेत तक्रार करता येते, पण तिला मुदत असते आणि माझे दोन्ही व्यवहार तोवर जुने झाले होते. पहिल्या धमकीच्या ईमेललाच मी कुणाला तरी विचारलं असतं तर निदान दुसरी रक्कम वाचली असती. विचारलं नाही, कारण आपण परवाना मोडलाय याचीच लाज वाटत होती. हे लोक त्या लाजेवरच जगतात.

आणि माझं नुसत्या पैशांवर निभावलं, हे नशीबच म्हणायचं. २०२२ च्या शेवटी शेवटी गिंप या फुकट चित्रसंपादन प्रोग्रॅमच्या नावानं गूगलवर एक जाहिरात फिरत होती. पत्ता गिंपचाच दिसायचा, क्लिक केल्यावर मात्र एखाददुसरं अक्षर जास्त असलेल्या नकली साइटवर जायचं. तिथली फाइल ७०० एमबीची होती. त्यातला खरा प्रोग्रॅम ५ एमबीच्याही आत, बाकीचा नुसता भुसा, आकार बघून संशय येऊ नये म्हणून भरलेला. आणि आत होता पासवर्ड चोरणारा व्हायरस. पुढच्याच महिन्यांत, २०२३ च्या जानेवारीत, ओबीएस (व्हिडिओ रेकॉर्डिंगचा) आणि ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचा) या फुकट प्रोग्रॅम्सच्या नावानंही असल्या जाहिराती निघाल्या. हे वाचल्यावर मी त्या विक्रेत्याचं सगळं काढून टाकलं, कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप जागा होणारा त्याचा तपासनीससुद्धा, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून सगळे पासवर्ड बदलले.

आता मी सॉफ्टवेअर शोधताना जाहिरातीवर क्लिक करत नाही, प्रकल्पाचा पत्ता स्वतः टाइप करते. फाइल उतरवल्यावर तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, साइटवर छापलेल्या चौसष्ट अक्षरांशी ताडून बघते. सगळी नाही, पहिली आणि शेवटची आठ-दहा बघते, माणूसच आहे मी. खोट्या साइटवर हॅशही खोटाच असणार हे उघड आहे, म्हणून आधी पत्ता. कुणी काही विकायला आलं तर एकच प्रश्न विचारते: हे कशावर बांधलंय आणि सोर्स कुठे आहे? सरळ माणूस एका ओळीत सांगतो.

प्रकाशकांना फोन करून सांगितलं की ते सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र फाडून टाका, त्याला काही अर्थ नाही. त्या म्हणाल्या, अहो, आमच्याकडे आणखी दोघा चित्रकारांनी तसंच दिलंय.

गेल्या आठवड्यात एक ईमेल आली. नवीन नाव, नवीन रंग, जुन्या ग्राहकांना खास सवलत, उलटं चालणारं घड्याळ. सोबत सॉफ्टवेअरचं एक चित्र, आणि त्यात मधोमध, पेनाच्या टोकापाशी, तीच गोल तबकडी.